सोसायटीच्या जिममधली ट्रेडमिल: कंट्रोल कार्ड दोनदा जळालं, दोष पट्ट्याखाली होता

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडची शंभर-सव्वाशे फ्लॅटची सोसायटी. बिल्डरने ताबा देताना क्लबहाउसच्या तळमजल्यावर जिम करून दिली. दोन ट्रेडमिल, एक सायकल, एक क्रॉस ट्रेनर, डंबेल्सचा स्टँड आणि एका बाजूला भिंतभर आरसा. ब्रोशरमध्ये तिचं वर्णन 'अत्याधुनिक व्यायामशाळा' असं होतं. दोन्ही ट्रेडमिल मात्र घरगुती वर्गातल्या होत्या. वॉरंटी कार्डावर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं स्पष्ट छापलं होतं. ते कार्ड आणि मॅन्युअल सोसायटीच्या ऑफिसातल्या फायलीत प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून होतं, पिशवीचं सील न फोडलेलं.

घरगुती ट्रेडमिल बनवताना दिवसाला एखाद-दुसऱ्या माणसाचा अर्धा-पाऊण तास धरलेला असतो. इथे सकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंत मशिन रिकामी मिळायची नाही. पावसाळ्यात तर जास्तच, कारण आवारातला चालण्याचा ट्रॅक शेवाळाने निसरडा व्हायचा. वापरणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे. डॉक्टरांनी 'रोज अर्धा तास चाला' सांगितलेले, ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगाने, टीव्हीकडे बघत चालणारे.

लिफ्टची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) होती, जनरेटरची होती, पाण्याच्या पंपांना इलेक्ट्रिशियन बघायचा. जिमला वाली नव्हता. हाउसकीपिंगच्या मावशी रोज सकाळी फिनाइलच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं पुसायच्या, पट्ट्यासकट. देखभाल म्हणतात ती एवढीच.

हे लिहिणारा त्याच सोसायटीत राहतो, पण कमिटीवर नाही. भोसरीच्या कारखान्यांत कन्व्हेयरची देखभाल करण्यात बरीच वर्षं गेली. ट्रेडमिल म्हणजे दोन रोलरांवर फिरणारा आखूड कन्व्हेयरच. फरक एवढाच की माल पुढे जात नाही. ट्रेडमिलच्या मोटरचं कंट्रोल कार्ड दुसऱ्यांदा जळल्यावर सेक्रेटरींनी बोलावलं, ते याच कारणाने.

अडचण कशी वाढत गेली

खिडकीकडच्या मशिनची तक्रार आधी आली. पाऊल टेकलं की पट्टा क्षणभर अडखळतो आणि मग सुटतो. चालणाऱ्याला पुढे ढकलल्यासारखं होतं. सोबत चिरचिर आवाज आणि वीसेक मिनिटांनी गरम रबराचा वास.

यावर एकामागून एक चार उपाय झाले. चारही सद्‌हेतूने झाले आणि चारही चुकीच्या जागी.

पहिला उपाय एका सभासदाने केला. बिजागरीला मारायचा गंज सोडवणारा स्प्रे घरून आणून पट्ट्याच्या कडेने आत मारला. आवाज दोन दिवस गेला. असले स्प्रे पेट्रोलियम जातीचे असतात. ते पट्ट्याच्या खालच्या कापडाला आणि थरांना चिकटवणाऱ्या मालाला मानवत नाहीत, आणि उडून गेले की मागे धूळ धरणारा चिकट थर राहतो. ट्रेडमिलला चालतं ते सिलिकॉन तेल, तेही निव्वळ, काही न मिसळलेलं.

दुसरा उपाय पट्टा घट्ट करण्याचा. पट्टा अडखळतोय म्हणजे सैल झाला असणार, असं धरून कोणीतरी मागच्या रोलरचे दोन्ही बोल्ट ॲलन की लावून आवळले. सैल पट्टा घसरतो हे खरं, पण अडखळणं आणि घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटरवरचं झाकण काढून पुढच्या रोलरकडे बघितलं की पाच मिनिटांत उलगडा होतो. रोलर फिरतोय आणि पट्टा थांबतोय, तर पट्टा सैल. मोटर फिरतेय आणि रोलर थांबतोय, तर मधला छोटा बेल्ट सैल. पट्टा, रोलर आणि मोटर तिन्ही एकदम मंदावतात, तर काहीच सैल नाही. मोटरला ओढवत नाहीये. इथे हा तिसरा प्रकार होता. घट्ट केल्याने रोलरच्या बेअरिंगवर जादा ताण आला, इतकंच.

तिसरा उपाय सगळ्यात महाग पडला, आणि तो फुकट झाला होता. मशिन सहा अँपिअरच्या पॉइंटवर होती आणि सकाळच्या गर्दीत एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागली. रोज कोणीतरी इंटरकॉमवरून "दादा, जिमची लाइट गेली" म्हणायचं. इलेक्ट्रिशियनने कंटाळून सहाच्या जागी सोळाची एमसीबी बसवली. वायर तीच, बारीक. तक्रार थांबली. मशिन जास्त करंट खातेय हे सांगणारं एकमेव यंत्र त्या दिवशी गप्प झालं.

मग काही आठवड्यांनी मोटरचा वेग सांभाळणारं कंट्रोल कार्ड जळालं. सर्व्हिसवाला आला, कार्ड बदललं, पंधरा हजारांच्या आसपास बिल झालं. कारण विचारलं तर "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे साहेब." कमिटीने चौथा उपाय म्हणून स्टॅबिलायझर घेतला. पुढच्या पावसाळ्यात स्टॅबिलायझर चालू असताना तेच कार्ड पुन्हा गेलं.

खजिनदार काका रागावले ते इथे. "व्होल्टेजसाठी एवढा डबा घेतला ना? मग आता कुणाचा प्रॉब्लेम?" हा प्रश्न सगळ्यांत नेमका होता. त्याच क्षणी नवं कार्ड मागवायचं थांबवलं, हा या प्रकरणातला पहिला बरोबर निर्णय.

मोटरला नेमकं काय होत होतं

पट्ट्याखाली एक फळी असते, दाबलेल्या लाकडाची, वर गुळगुळीत लॅमिनेटचा थर. पाऊल पडतं तेव्हा पट्टा त्या फळीवर दाबला जातो आणि मोटर त्याला माणसाच्या वजनासकट ओढते. मध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असेल तर ओढणं हलकं. थर संपला की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट मागते, आणि तो करंट कार्डावरच्या ज्या भागांतून जातो ते तापतात. कार्ड जळतं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी पट्टा, फळी आणि मोटर, तिघांनीही बराच काळ सोसलेलं असतं.

'आम्ही तर हळूच चालतो, पळणारी पोरं मशिन खराब करतात' असा ज्येष्ठांचा ठाम समज होता. खरं बरंचसं उलटं आहे. पळणाऱ्याचं पाऊल फळीवर क्षणभर टेकतं, मधे तर दोन्ही पाय हवेत असतात. हळू चालणाऱ्याचं वजन सतत फळीवर असतं. शिवाय डीसी मोटरचा थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू, म्हणजे जोर जास्त आणि वारा कमी. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस ताशी तीनच्या वेगाने कोरड्या पट्ट्यावर पाऊण तास चालला, तर मोटरच्या दृष्टीने तो दिवसातला सगळ्यात अवघड ग्राहक. हे सांगितल्यावर दोघे-तिघे दुखावले. त्यांना चालणं बंद करा असं कोणी म्हणत नव्हतं. चालण्याच्या मानाने तेल घाला, एवढंच म्हणणं होतं.

समोरचे पर्याय

कमिटीच्या बैठकीत पाच गोष्टी टेबलावर आल्या.

नवी व्यावसायिक दर्जाची मशिन घ्यायची, ही पहिली. किंमत दोन लाखांच्या पुढे. एका सभासदाने सिंकिंग फंड, म्हणजे सोसायटीचा मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा राखीव निधी, सुचवला. खजिनदारांनी तिथेच नाही म्हटलं: सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) तो पैसा इमारतीच्या मोठ्या, रचनेच्या कामांचा, ट्रेडमिलचा नव्हे. वर्गणी काढायची तर जिम न वापरणारे तयार नव्हते.

दुसरा पर्याय पुन्हा कार्ड बदलण्याचा. झटपट, पण आधीच्या वेळीही हेच केलं होतं.

तिसरा, एएमसी. दोन कोटेशनं आली. स्वस्त कोटेशनमध्ये वर्षाला चार भेटी होत्या; पट्टा, फळी, बेअरिंग 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेले आणि कार्ड 'व्होल्टेजमुळे गेल्यास' वगळलेलं. म्हणजे जे जाणार ते सगळं बाहेर. महाग कोटेशनमध्ये पार्ट्स होते, पण मशिन आधी 'चालू स्थितीत' आणून द्यायची अट होती. एएमसी वाईट नसते, पण तीन महिन्यांतून एकदा येणारा माणूस इथे पुरणार नव्हता. हिशेब मॅन्युअलमध्येच होता. पिशवी शेवटी फोडली तेव्हा आत वाक्य सापडलं: दर तीन महिन्यांनी किंवा 240 किलोमीटरनंतर, जे आधी होईल तेव्हा तेल द्यावं. दिवसाला सहा तास, ताशी चार किलोमीटर धरले तर रोजचे 24 किलोमीटर झाले. 240 किलोमीटर इथे दहा दिवसांत संपतात. घरातल्या एका माणसाचे तीन महिने म्हणजे या जिमचे दहा दिवस.

चौथा पर्याय: पट्टा आणि फळी दोन्ही बदलायची, मग कार्ड, आणि देखभाल आपल्या माणसांकडून करून घ्यायची. खर्च तीसेक हजार.

पाचवा पर्याय सोसायटीच्या सुताराने आणला. "साहेब, तीन हजारांत फळी करून देतो, अठरा एमएमचा प्लाय, वर सनमायका." मोह पडण्यासारखंच होतं. पण फळीची जाडी, लवचीकपणा आणि वरचा थर पायाखालच्या घर्षणासाठी ठरवलेले असतात. सनमायकाची कड किंचित उचलली तरी ती पट्टा खालून कापत जाते. सुताराला नाही म्हटलं, त्याचं मन मोडलं थोडं.

चौथा ठरला. त्यातही खजिनदारांची दुरुस्ती होती: आधी नुसता पट्टा बदलू, फळीचं पुढच्या वर्षी बघू. फळी उघडून बघेपर्यंत निर्णय राखून ठेवला.

काय केलं

आधी मोजमाप. कार्ड जळालेली मशिन बंद होती, म्हणून भिंतीकडची चालू मशिन घेतली. तिलाही तेच खाणं-पिणं मिळालेलं होतं. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खातो. फेजची वायर एकटी पकडावी लागते. इलेक्ट्रिशियनने तीन वायरी सुट्या ठेवलेली हातभर लांबीची जोड-केबल बनवली. पंचाहत्तर किलोचा सुपरवायझर ताशी चारच्या वेगाने चालला, मीटर साडेपाच अँपिअरच्या आसपास नाचत होता. सहा अँपिअरची एमसीबी का पडत होती, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग खिडकीकडची उघडली. प्लग काढून थोडा वेळ थांबूनच, कारण कार्डावरचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेले असतात. मोटरच्या झाकणाखाली काळ्या भुकटीचा थर होता. कार्बन ब्रशची, पट्ट्याच्या कापडाची आणि पार्किंगमधून येणाऱ्या धुळीची मिळून. ती व्हॅक्यूमने ओढून काढली. ब्लोअर मारला असता तर तीच भुकटी कार्डात आणि बेअरिंगमध्ये गेली असती.

पट्टा सोडवून उलटा केला. खालचं कापड खरखरीत असायला हवं. ते मधोमध काचेसारखं चकचकीत झालं होतं आणि बोट फिरवलं की कोरडं. फळीवर बुटाएवढ्या रुंदीच्या दोन झिजलेल्या खुणा, डावी आणि उजवी. तिथला थर जाऊन आतलं तपकिरी लाकूड दिसत होतं. कडेने फिनाइलच्या पाण्याने फळी फुगली होती. काकांनी स्वतः त्या खरबरीत भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नवा पट्टा यावर किती दिवस टिकेल?" फार टिकला नसता. झिजलेली फळी नवा पट्टा खाते. नुसत्या पट्ट्याचा विषय तिथेच संपला.

काही मशिनच्या फळीला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असतं. एक बाजू झिजली की उलटवून वापरता येते. खिडकीकडच्या मशिनचं नशीब नव्हतं, खालची बाजू कोरी. भिंतीकडची वेगळ्या मॉडेलची होती, तिची फळी मात्र दोन्हीकडून गुळगुळीत निघाली. तिथे फक्त पट्टा घ्यावा लागला आणि एका फळीचे पैसे वाचले.

जोडताना वीजही सुधारली. दोन्ही मशिनसाठी डीबीमधून (वीज वाटणाऱ्या बोर्डातून) जाड वायरच्या स्वतंत्र लाइनी ओढल्या, सोळाचे पॉइंट दिले आणि अर्थिंग तपासलं. ते एका पॉइंटला नुसतं नावाला होतं. पट्टा फळीवर घासतो तेव्हा स्थिर वीज तयार होते, विशेषतः हिवाळ्याच्या कोरड्या हवेत. ती जायला वाट नसेल तर माणसाला झटका बसतो आणि कार्डालाही. स्टॅबिलायझर काढून पंपरूममध्ये ठेवला.

एक गोष्ट या कामाच्या यादीत नव्हती. कपड्याला अडकवायची सुरक्षा-किल्ली कधीच हरवली होती, आणि तिच्या जागी कोणीतरी जुन्या स्पीकरचा मॅग्नेट चिकटवून मशिन चालू ठेवली होती. माणूस पडला तरी पट्टा थांबणार नाही, अशी सोय. मागे आरशाची भिंत हातभर अंतरावर. नव्या किल्ल्या येईपर्यंत दोन्ही मशिन बंद ठेवल्या आणि सरकवून मागे सहा-साडेसहा फूट जागा मोकळी केली. यावर सभासदांची सगळ्यात जास्त कुरकुर झाली, कार्डाच्या खर्चावर झाली नव्हती एवढी.

रोजचं काम कोणाच्या हातात दिलं हे महत्त्वाचं. मावशींना सांगितलं की पट्ट्याला पाणी नाही, फिनाइल नाही. कोरडं फडकं, आणि हँडलला हवं तर ओलसर. आठवड्यातून एकदा पट्टा मध्यावर फिरतोय का, हे सुपरवायझर बघतो. डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग दोन-तीन मिनिटं नुसता पट्टा फिरवून बघायचं. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. पट्टा कडेला मधोमध हाताने उचलला तर दोन-तीन इंच उचलला गेला पाहिजे. दर 240 किलोमीटरला, म्हणजे साधारण दहा दिवसांनी, प्लग काढून पट्ट्याखाली हात घालायचा. बोटांना तेल लागलं तर काही करायचं नाही. कोरडं लागलं तर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस मिली, पाय पडतात त्या पट्टीत, आणि पाच मिनिटं मशिन रिकामी हळू चालवायची. जास्त ओतलं तर तेल रोलरवर जातं आणि मग पट्टा खरोखरच घसरायला लागतो.

करंटसाठी क्लॅम्प मीटर रोज कोण काढणार? म्हणून प्लग आणि पॉइंटच्या मध्ये बसणारे, वापर दाखवणारे छोटे मीटर घेतले. त्याच सुपरवायझरने त्याच वेगाने चालायचं आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी आकडा वहीत लिहायचा. माणूस बदलला की आकडा बदलतो, म्हणून माणूस ठरलेला.

निकाल

नव्या पट्ट्यावर आणि तेल दिल्यावर तोच सुपरवायझर त्याच वेगाने अडीच अँपिअरवर आला. वास गेला, अडखळणं गेलं. दीड वर्ष झालं, कार्ड टिकून आहे. एकूण खर्च चाळीस हजारांच्या आसपास गेला, वायरिंग धरून. आधीचं कार्ड आणि स्टॅबिलायझर यांवर गेलेले पैसे वेगळेच.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत सुपरवायझर बदलला आणि वही दोन महिने कोरी राहिली. नव्याने नोंद घेतली तेव्हा भिंतीकडची मशिन चार अँपिअरच्या वर गेलेली. वजनाचा फरक जमेस धरूनही जास्तच. हात घातला तर फळी कोरडी. तेल दिलं, आकडा पुन्हा खाली आला. लगेच मीटरच्या वर स्केचपेनने चिकटपट्टीवर लिहिलं: '3.5 च्या वर गेलं तर ऑफिसला सांगा.' आता चालणारे सभासदच सांगतात, कधी कधी विनाकारणही.

आता करायचं तर काय वेगळं

ताबा घेताना जिमच्या यादीवर सही करण्याआधी मॉडेल आणि वॉरंटीची अट वाचायची. घरगुती मशिन आहे हे त्या दिवशी दिसलं असतं तर निदान बिल्डरशी बोलणी झाली असती.

एमसीबी पडते तेव्हा ती मोठी करण्याचा निर्णय इलेक्ट्रिशियनच्या एकट्याच्या हातात राहता कामा नये. सेक्रेटरींनी आता पंपांसाठीही हाच नियम लावलाय.

सर्व्हिसवाल्याला पहिल्याच वेळी जळालेलं कार्ड ठेवून जायला सांगायचं आणि 'व्होल्टेज' म्हणाला तर मोजून दाखवायला लावायचं. त्याची लबाडी होती असं मला वाटत नाही. त्याला कार्ड बदलायला बोलावलं होतं, त्याने कार्ड बदललं.

जिमसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवायची का, यावर अजून एकमत नाही. नव्या व्यावसायिक मशिनचा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. कोटेशन मागवताना दोन अटी घातल्या आहेत: पट्टा आणि फळी यांची आजची किंमत लेखी द्यावी, आणि फळी उलटवता येते की नाही ते लिहावं. तीनपैकी एकाच विक्रेत्याने आतापर्यंत दोन्हीचं उत्तर पाठवलंय.